सिगार नव्याने ओढताय? स्वतःची आवड शोधायची सविस्तर पद्धत

सिगारकडे नव्याने वळलेला जवळपास प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, सुरुवातीला कुठली घेऊ? मग त्याला चार जण चार नावं सांगतात, तो त्या सगळ्या विकत घेतो, एकेक ओढतो, आणि काही महिन्यांनी विचारलं तर सांगतो की एक-दोन मस्त होत्या, एक फार कडू होती, बाकीच्या आठवत नाहीत. मस्त होत्या म्हणजे काय होतं त्यात, ते मात्र त्याला सांगता येत नाही. मला वाटतं प्रश्नच चुकीचा आहे. कुठली सिगार घ्यायची यापेक्षा कशी ओढायची, कशाशी तुलना करायची आणि काय लिहून ठेवायचं हे ठरवलं तर आवड आपोआप सापडते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आवडो न आवडो, तीच सिगार परत एकदा ओढायची, एवढ्यावर हा सगळा लेख उभा आहे.

सगळ्यात आधी तब्येतीचं

हे मी शेवटी टाकणार नाही कारण शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती सेफ असते असा समज फार पसरलाय आणि तो खोटा आहे. सिगारची तंबाखू हवेत वाळवलेली आणि आंबवलेली असते, तिचा धूर अल्कलाइन असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतूनच रक्तात जातं, फुफ्फुसापर्यंत जायची गरजच पडत नाही. सिगारेटमध्ये १ ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असते आणि मोठ्या सिगारमध्ये ५ पासून २० ग्रॅमपर्यंत असू शकते, म्हणजे अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू एकाच सिगारमध्ये. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, फुफ्फुस या सगळ्या कॅन्सरचा धोका सिगारने वाढतो, सवय लागते, आणि शेजारी बसलेल्यालाही धुराचा त्रास होतोच. सेफ प्रमाण असं काही नाही.

त्यामुळे तुम्ही तंबाखूला हात लावत नसाल तर सुरू करू नका, हे मी मनापासून सांगतोय. प्रेग्नंट असाल, हार्टचा किंवा बीपीचा त्रास असेल, तर हा विषय इथेच सोडा. सिगारेट सोडलेल्यांनी तर विशेष सांभाळायचं, कारण धूर छातीत ओढायची जुनी सवय सिगार हातात आली की नकळत परत येते आणि सिगारचा धूर छातीत घेणं सिगारेटपेक्षाही जड जातं. बाकी, कायद्याने तुमच्याकडे जे वय लागतं ते पूर्ण असायला हवं, घरात आणि मुलांजवळ ओढायची नाही. हे सगळं कळून सवरून ज्या मोठ्या माणसाला अधूनमधून एखादी ओढायची आहे आणि ती नीट समजून ओढायची आहे, त्याच्यासाठी पुढचं.

हातात काय आहे ते आधी समजून घ्या

हाताने वळलेल्या सिगारमध्ये तीन थर असतात. आत फिलर, त्याला बांधून ठेवणारं पान म्हणजे बाइंडर, आणि सगळ्यात वर दिसतं ते गुळगुळीत सुंदर पान, रॅपर. तोंडाकडच्या टोकाला पानाचीच एक छोटी टोपी चिकटवलेली असते, ती कॅप, आणि आपण कापतो ती हीच.

फिलर म्हणजे तंबाखूच्या झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरच्या पानांचं मिश्रण असतं आणि सिगारची जादू खरी इथे आहे. खालची पानं वोलादो, ती छान जळतात पण चव हलकी. मधली सेको, सुवास त्यांच्यातून येतो. वरची लिगेरो, त्यांना ऊन सगळ्यात जास्त मिळतं म्हणून ती जाड, तेलकट, ताकदवान असतात आणि हळू जळतात, म्हणूनच वळणारा कारागीर ती बरोबर मध्यभागी ठेवतो, नाहीतर सिगार वाकडीतिकडी जळेल. सेको आणि लिगेरोच्या मधे विसो नावाचं पान पण बरेच ठिकाणी वेगळं काढतात. सिगार स्ट्राँग आहे असं कोणी म्हणालं तर बहुतेक वेळा अर्थ एवढाच की लिगेरोचं प्रमाण जास्त आहे.

पानं तोडून वाळवली की त्यांचे मोठे ढीग लावतात, ढिगात आतून उष्णता तयार होते, पानं आंबतात, अमोनिया बाहेर पडतो, कडवटपणा जातो. हे काम घाईत उरकलेलं असेल तर ओढताना नाकाला एक झोंबणारा वास येतो, फरशी पुसायच्या क्लीनरसारखा. तो वास आला तर तुमची जीभ चुकत नाहीये, ती सिगारच अजून तयार झालेली नाही.

विकत घेताना लाँग फिलर लिहिलंय का बघा. लाँग फिलर म्हणजे आतली पानं सिगारच्या लांबीएवढी अखंड असतात. शॉर्ट फिलरमध्ये तुकडे भरलेले असतात, ती पटकन आणि गरम जळते, स्वस्त असते, पण चव शिकायला काही कामाची नाही कारण सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण एकच सूर लागतो.

रॅपर, रंग आणि ताकदीचा गोंधळ

रॅपरचा चवीत वाटा मोठा असतो. किती टक्के असतो ते छातीठोक सांगणारे बरेच भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, कारण बारीक सिगारमध्ये तो वाटा वेगळा आणि जाडीमध्ये वेगळा.

ओळख करून घ्यायला तीन-चार कुटुंबं पुरे. कनेटिकट शेड हे फिकं तपकिरी पान, कापडी मांडवाखाली वाढवतात म्हणून पातळ आणि मऊ राहतं, चव साधारण दुधाळ, सुक्या गवताची, बदामाची. इक्वाडोरमध्ये तेच बियाणं लावतात, तिथे कापड लागत नाही कारण ढगच ऊन अडवतात. दुसरं कुटुंब अबानो आणि कोरोखो, लालसर तपकिरी, यात मिरीचा झटका आणि लाकडाचा वास. तिसरं कॅमेरून, दिसायला खरखरीत, दाणेदार, गोडसर मसाल्याच्या अंगाने जाणारं. आणि चौथं गडद मादुरो, हे बरेचदा कनेटिकट ब्रॉडलीफ किंवा मेक्सिकोच्या सान आंद्रेस खोऱ्यातल्या पानाचं असतं, जास्त वेळ आणि जास्त उष्णतेत आंबवलेलं, म्हणून कोको, कडक कॉफी, सुक्या फळांची गोडी. कांदेला नावाचं हिरवं रॅपर पण असतं, ते पटकन उष्णतेने वाळवतात म्हणून हिरवं राहतं, चव अगदी गवताची. ते नंतर कधीतरी.

आता गोंधळ. काळी सिगार म्हणजे कडक आणि फिकी म्हणजे सौम्य, हे खरं नाही. मादुरो कितीतरी वेळा गोड आणि मवाळ असते, आणि फिक्या रॅपरच्या आत लिगेरो ठासून भरलेली असू शकते. तीन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवा. ताकद म्हणजे निकोटिनचा अंगावर होणारा परिणाम. बॉडी म्हणजे धूर तोंडात किती भरीव वाटतो. आणि चव म्हणजे चव. सौम्य ताकदीची पण भरपूर चवीची सिगार असते, आणि अंगावर येणारी पण चवीला सपाट सिगारही असते. हा फरक ज्याला कळला त्याचं निम्मं काम झालं, कारण पुढे दुकानात गेल्यावर तो ‘कडक नको पण भरीव दाखवा’ असं सांगू शकतो.

साइज

सिगारवर दोन आकडे असतात, लांबी इंचात आणि रिंग गेज. रिंग गेज म्हणजे व्यास, इंचाच्या ६४व्या भागात मोजलेला, म्हणजे ५० रिंग गेज म्हणजे ५०/६४ इंच, जवळपास २० मिलिमीटर. पेटिट कोरोना साधारण ५ इंच बाय ४२, रोबुस्तो ५ बाय ५०, तोरो ६ बाय ५० किंवा ५२, चर्चिल ७ बाय ४७, आणि लान्सेरो सडपातळ, साडेसात बाय ३८. कंपनीनुसार थोडं इकडेतिकडे होतं.

पहिल्या एक-दोन सिगारला पेटिट कोरोना घ्या, अर्ध्या-पाऊण तासात संपते, निकोटिन मर्यादित, आणि मन भरलं नाही तर ते चांगलंच. त्यानंतर रोबुस्तोवर या आणि तिथेच मुक्काम करा, कारण जवळपास प्रत्येक सिगार रोबुस्तो साइजमध्ये मिळते आणि तुलना करायची तर साइज एकच हवी. ६० रिंग गेजच्या जाडजूड सिगारच्या मागे सुरुवातीला लागू नका. तोंडात नीट मावत नाहीत, धूर भरपूर येतो, फिलरच्या मानाने रॅपर कमी असल्यामुळे रॅपरची चव मागे पडते, आणि दीड तास बसावं लागतं. नवशिक्याला दीड तासात चव कमी आणि चक्कर जास्त मिळते.

खरेदी

बॉक्स घ्यायचा नाही. सुट्या घ्यायच्या आणि प्रत्येक सिगार दोन नग. हा दोनचा नियम मी सगळ्यांना सांगतो आणि लोक तो पैसे वाचवायला म्हणून मोडतात. हाताने बनवलेल्या वस्तूत एक नग दुसऱ्यासारखा असेलच असं नाही, एखादी घट्ट वळली गेलेली असते, एखादी नीट जळत नाही, आणि तुमचं तोंडही रोज सारखं नसतं. एका नगावरून सिगार आवडली किंवा नावडली म्हणणं घाईचं होतं.

दुकानात सिगार हातात घ्यायला मिळाली तर दोन बोटांनी अगदी हलकेच दाबून बघा, थोडी दबून परत वर यायला हवी. कडकड वाजली तर सुकलीय, ओल्या कापसासारखी वाटली तर जास्त ओली आहे. मधेच एखादी गाठ लागली तर तिथे धूर अडेल. रॅपरला चीर नको. टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं तर ठेवून द्या, तो किड्याचा प्रकार आहे, आणि तुमच्या बाकीच्या सिगारही तो खाईल. सिगार नाकाला लावू नका, ओठाला तर अजिबात नको, ती कदाचित दुसरं कोणीतरी घेणार आहे.

नावांच्या बाबतीत एक गोष्ट माहीत असलेली बरी. क्युबातल्या क्रांतीनंतर १९६० मध्ये तिथल्या सिगार कंपन्या सरकारजमा झाल्या, बरीच तंबाखूवाली कुटुंबं बाहेर पडली आणि डोमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा, होंडुरास इथे त्यांनी नव्याने सुरुवात केली. १९६२ मध्ये अमेरिकेने क्युबावर व्यापारबंदी घातली. याचा परिणाम असा की माँतेक्रिस्तो, पार्तागास, रोमिओ इ हुलिएता, कोहीबा ही नावं आज दोन-दोन ठिकाणी आहेत, एक क्युबाची आणि एक क्युबाबाहेर बनलेली, आणि दोघींच्या चवीचा एकमेकींशी संबंध नाही. मित्र म्हणाला पार्तागास भारी आणि तुम्ही दुसरीच पार्तागास घेऊन आलात असं सहज होतं, तेव्हा बँडवर, म्हणजे सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवर, आणि बॉक्सवर देश वाचा. क्युबन सिगार घ्यायचीच असेल तर अधिकृत दुकानातूनच घ्या, नकली माल प्रचंड आहे. काचेच्या झाकणाच्या बॉक्समधली कोहीबा कोणी स्वस्तात देऊ केली तर ती नकली समजून चालायचं. आणि खरं सांगू, शिकायला क्युबनची काही गरज नाही. निकाराग्वाच्या एस्तेली आणि हालापा भागातली, किंवा डोमिनिकनच्या सिबाओ खोऱ्यातली तंबाखू कुठे कमी पडत नाही.

कापणं

दोन पात्यांचा साधा गिलोटिन कटर घ्या. एकच पातं असलेला नको, तो पान चेंगरतो. कॅप जिथे गोलाई संपवून सरळ अंगाला मिळते ती रेघ दिसते, त्या रेघेच्या वरच कापायचं, साधारण २ मिलिमीटर. रेघेच्या खाली गेलात तर रॅपर सुटायला लागतं आणि पुढचा पाऊण तास ओठावर तंबाखूचे तुकडे येत राहतात. शंका असेल तर कमी कापा, परत कापता येतं. एका दमात कापा, चाचपडत नको. कापून झालं की न पेटवता एक-दोनदा हवा ओढून बघा, हलका अडथळा असावा. काहीच अडथळा नसेल तर भराभर जळणार, आणि अजिबात हवा येत नसेल तर अजून थोडं कापा. या कोरड्या ओढीतही चव असते हो, ती पण टिपून ठेवा.

पेटवणं

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. ब्युटेन गॅसचा लायटर किंवा लाकडी लांब काडी. पेट्रोलच्या लायटरचा आणि मेणबत्तीचा वास सिगारमध्ये उतरतो. काडी वापरत असाल तर आधी गुलाचा भाग जळून जाऊ द्या मग लाकडाची ज्योत वापरा.

सिगार तिरकी धरा, ज्योतीचं टोक सिगारला न टेकवता थोडं खाली, आणि सिगार बोटात फिरवत राहा, तोंडात घ्यायची नाही अजून. कडा आधी काळी पडते मग लाल होते. पूर्ण गोल एकसारखा तापला की मग तोंडात घेऊन, ज्योत जवळ ठेवून, फिरवत फिरवत दोन-तीन हलके झुरके. मग सिगार उलटी करून पेटत्या टोकावर हलकी फुंकर मारा, जिथे लाल होत नाही तिथे परत थोडी ज्योत दाखवा. एक मिनिट जातं याला. हे एक मिनिट दिलं नाही तर एक बाजू पुढे आणि एक मागे जळत राहते.

ओढणं

धूर तोंडात घ्यायचा, थोडा फिरवायचा, सोडायचा. छातीत नाही, गिळायचा नाही. मिनिटाला साधारण एक झुरका, त्याहून घाई नको. घाई केली की आतली तंबाखू तापते, तापली की धूर कडू आणि तिखट होतो, मग माणूस म्हणतो सिगार कडू होती. नव्या माणसाच्या कडू सिगारचं कारण जवळपास नेहमी हेच असतं. घड्याळ बघायची गरज नाही, सिगार राखदाणीवर ठेवा, हातात धरून बसू नका, हातात असली की तोंडाकडे जातेच. उलट फार वेळ विसरलात तर ती विझते, त्यात काही बिघडत नाही, राख झटकून परत पेटवायची. मात्र दुसऱ्या दिवशी पेटवू नका, जुन्या धुराचा कुबट वास आत मुरलेला असतो.

राख टपटप झाडायची नाही. इंचभर होऊ द्या, राखदाणीच्या कडेला टेकवून हलकेच फिरवा, स्वतःच पडते. लांब राख धुराला थोडं थंड ठेवते असं म्हणतात, पण राख किती लांब टिकते यावरून सिगारची लायकी ठरवू नका.

मधेच कडवट वाटायला लागली तर एक युक्ती आहे, सिगारमधून बाहेरच्या दिशेने हळू फुंका, साचलेला धूर निघून जातो, मग दोन मिनिटं तशीच ठेवा. एका बाजूने पुढे जळत असेल तर मागे राहिलेल्या कडेला लायटर दाखवा. ओठात सिगार ओली करू नका, ओल्या टोकात सगळा कडू अंश जमा होतो.

बँड लगेच काढू नका, कधीकधी डिंक रॅपरला लागलेला असतो आणि पान फाटतं. थोडी गरम झाली की सहज निघतो. कुठे थांबायचं तर जिथे मजा संपली तिथे. शेवटच्या तुकड्यापर्यंत ओढायचा कुठलाही नियम नाही, अर्ध्यावर ठेवली तरी चालतं. विझवायला चुरगळू नका, राखदाणीत तशीच ठेवा, आपोआप विझते आणि वास कमी मारते.

गरगरलं तर

उपाशी पोटी सिगार ओढायची नाही, नीट जेवून ओढायची, शेजारी पाणी ठेवायचं. घाम सुटला, हात थंड पडले, मळमळलं, डोकं हलकं झालं तर ते निकोटिन आहे. त्याच क्षणी सिगार ठेवून द्या, अजून दोनच झुरके असं करू नका. बसून राहा, पाणी प्या, काहीतरी गोड खा, मोकळ्या हवेत थांबा, बहुतेक वेळा थोड्या वेळात उतरतं. उलट्या थांबत नसतील, छातीत धडधड किंवा दुखणं असेल तर डॉक्टरकडे जा. आणि त्रास झाला ती ताकद तुमच्यासाठी जास्त आहे हे वहीत लिहा. शरीराला सवय लावून पुढच्या पायरीवर जायचं, असली शर्यत इथे नाही. सवय लागणं हीच खरी धोक्याची गोष्ट आहे.

चव कशी पकडायची

लोक रिव्ह्यूमध्ये वाचतात, चामडं, देवदार, एस्प्रेसो, पांढरी मिरी, आणि स्वतः ओढताना फक्त धूर लागतो. घाबरू नका. जिभेला खारट, गोड, कडू, आंबट अशा मोजक्याच चवी कळतात, बाकीचं बहुतेक नाकाचं काम आहे. म्हणून रेट्रोहेल शिकायला लागतं. झुरका घ्या, तोंडातला बहुतेक धूर तोंडानेच सोडून द्या, आणि उरलेला थोडासा, अगदी थोडासा, तोंड मिटून नाकातून हळू बाहेर जाऊ द्या. छातीत काही न घेता. पहिल्या वेळी झोंबतं, डोळ्यात पाणी येतं, म्हणून सौम्य सिगारवर शिका आणि प्रत्येक झुरक्याला करू नका, दर पाच-सहा झुरक्यांनी एकदा पुरे. ज्या दिवशी हे जमतं त्या दिवशी सपाट वाटणारी सिगार एकदम उघडते, हा बदल मला आजही फार आवडतो.

सुरुवातीला बारीक शब्दांच्या मागे लागू नका. आधी मोठे कप्पे. गोड की कडू? कोरडं की दुधाळ? माती, लाकूड, मसाला, सुका मेवा, भाजलेलं, यातलं कशाकडे झुकतंय? मसाला असेल तर जिभेवर लागतोय की नाकात की घशात मागे? एवढं उत्तर देता आलं तरी पुष्कळ. कप्पा पक्का झाला की शब्द स्वतः येतात, लाकूडवरून देवदार, भाजलेल्यावरून कॉफी की कोको. स्वयंपाकघरातले मसाले, कॉफीची पूड, कोको, लाकडाची पेन्सिल तासल्यावरचा चुरा, पावसानंतरची माती, जुना चामडी पट्टा, हे अधूनमधून मुद्दाम नाकाला लावून वास घेत जा, त्याने फार फरक पडतो. वासाची आठवण नसेल तर वास ओळखणार कशाने?

सिगार तीन भागात बघा, पहिला, मधला, शेवटचा. पहिल्यात मिरी जास्त असते, मधे ती शांत होते, शेवटी सगळं जड होतं. हे वळण कसं घेतलंय त्यावर मी सिगार जोखतो. सरळसोट एकच चव देणारी पण वाईट नसते, काहींना तीच आवडते, तुम्हाला कुठली आवडते तेच तर शोधायचंय.

सोबत काय प्यायचं? शिकताना फक्त पाणी. कॉफी, रम, व्हिस्की यांची जोडी मजेदार असते पण मग गोडी सिगारची की ग्लासातली हे कळत नाही, आणि दारू सोबत असली की तोंड-घशाच्या कॅन्सरचा धोका आणखी वाढतो हेही खरं.

आता मुख्य काम, एकेक गोष्ट बदलून बघणं

एक वही करा. फोनमध्ये चालेल पण वही बरी, कारण फोन हातात घेतला की माणूस दुसरीकडेच जातो. प्रत्येक सिगारला नाव, साइज, रॅपर, बाइंडर आणि फिलरचा देश, किती दिवस घरात ठेवली, जेवण झालं होतं का, तीन भागात काय लागलं, ताकद, बॉडी, जळली कशी. आणि शेवटी एकच प्रश्न, परत घेईन का, आणि घेईन तर कशासाठी. मार्क देऊ नका. ८८ आणि ९१ मधून तुम्हाला स्वतःबद्दल काहीही कळत नाही.

पहिली फेरी रॅपरची. एकच सिगार, दोन रॅपरमध्ये मिळते अशी निवडा. पद्रोन या ब्रँडची जी मूळ साधी मालिका आहे ती नॅचरल आणि मादुरो अशा दोन्हीत मिळते, ऑलिव्हा या ब्रँडची ‘सिरीज G’ कॅमेरून आणि मादुरो दोन्हीत मिळते. साइज तीच ठेवा, दोन्ही एकाच आठवड्यात ओढा, शक्यतो त्याच वेळेला. पद्रोन तशी भरीव असते म्हणून अगदी नवीन असाल तर ऑलिव्हापासून करा. इथे पहिल्यांदा कळतं की आपला ओढा कोकोकडे आहे की मसाल्याकडे, आणि ते कोणी सांगून नाही तर स्वतःच्या तोंडाने कळतं.

दुसरी फेरी देशाची. एक डोमिनिकन, एक निकाराग्वन, एक होंडुरन, जमेल तेवढं रॅपर सारखं आणि साइज तीच. ढोबळ मानाने डोमिनिकन मवाळ आणि सुगंधी, निकाराग्वा मिरीदार आणि गोड, होंडुरास मातीकडे झुकणारं असं म्हणतात, पण याला इतके अपवाद आहेत की हे वाक्य विसरूनच ओढा आणि मग वही उघडून बघा तुमचं काय म्हणणं आहे.

तिसरी फेरी साइजची. जी सगळ्यात आवडली ती सिगार आता बारीक साइजमध्ये, कोरोना किंवा मिळाली तर लान्सेरो, आणि मग तोरोमध्ये. तीच पानं असून बारीकमध्ये रॅपर पुढे येतं, धारदार वाटतं, जाडीत सगळं गोल होतं. कित्येकांना इथे धक्का बसतो की आपल्याला सिगार नाही, साइज आवडत नव्हती.

चौथी फेरी ताकदीची, आणि ही न केली तरी चालेल. मीडियममध्ये सुख असेल तर तिथेच राहा, सगळ्यात कडक सिगारपर्यंत पोचणं म्हणजे प्रमोशन नाही.

फेऱ्या सावकाश करा. दोन सिगारमध्ये काही दिवस जाऊ द्या, एका दिवशी दोन तर कधीच नको, दुसऱ्या सिगारची चव तोंड खरी सांगतच नाही. महिन्यात दोन-चार ओढणाऱ्याची वही रोज ओढणाऱ्यापेक्षा जास्त खरी असते असं माझं मत आहे. रोज हवीशी वाटायला लागली तर ती आवड नाही, निकोटिन बोलतंय, तिथे मोठा ब्रेक घ्या.

नावडलेल्या सिगारचा दुसरा नग काही आठवडे ठेवून मग ओढा. ओलावा स्थिरावला की तीच सिगार कधीकधी ओळखू येत नाही. आणि दुसऱ्यांदाही नावडली तर मात्र बिनधास्त नावडली म्हणा, जगाने तिला कितीही गुण दिलेले असोत.

ठेवायच्या कशा

महागडा लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारचा ओलावा राखणारी पेटी, पहिल्याच दिवशी लागत नाही. रबरी सील असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि त्यात ओलावा जास्त झाला तर शोषणारं आणि कमी पडला तर सोडणारं पाकीट, बोव्हेडा कंपनीचं ६५ किंवा ६९ टक्क्यांचं, एवढ्यात काम होतं. डबा आधी धुऊन वास जाईपर्यंत उघडा ठेवा. माझा कल ६५ कडे, जास्त ओली सिगार विझते, फुगते, हवा अडते. तापमान १८ ते २१ डिग्रीच्या आसपास असेल तर उत्तम. २४-२५ च्या वर सतत राहिलं तर तंबाखूच्या किड्याची अंडी फुटायची भीती असते. फ्रिजमध्ये ठेवू नका, हवा कोरडी असते आणि सगळे वास आत शिरतात. किड्याचं भोक दिसलंच तर बाकीच्या सिगार हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजमध्ये, मग बाहेर. एकदम गरमीत काढल्या तर रॅपर तडकतं.

हायग्रोमीटर, म्हणजे डब्यातला ओलावा मोजणारा मीटर, बरोबर आहे का ते मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंबभर पाणी घालून ओलसर लगदा, हायग्रोमीटरसोबत बंद पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७२ दाखवलं तर तुमचा मीटर ३ ने कमी दाखवतोय.

रॅपरवर पांढरं लोकरीसारखं काही दिसलं तर ती बुरशी. जुन्या सिगारवर तेलाचं स्फटिक येतं असं सांगून विकणारे असतात, तुम्ही मात्र बुरशी समजूनच वागा. फ्लेवर घातलेल्या सिगार वेगळ्या डब्यात, नाहीतर सगळ्यांना व्हॅनिलाचा वास लागेल. आणि पोस्टाने किंवा लांबून आलेल्या सिगार आल्या आल्या पेटवू नका, आठवडा-दोन आठवडे डब्यात विसावू द्या.

बॉक्स घ्यायचा तर तेव्हाच, जेव्हा एखाद्या सिगारचं पान वहीत वेगवेगळ्या महिन्यांत निदान तीनदा आलेलं असेल आणि तिन्ही वेळा ‘परत घेईन का’ पुढे हो लिहिलेलं असेल, कारणासकट. बॉक्स आला की आत तारीख लिहून टाका आणि ओढाल त्या प्रत्येकीची नोंद चालू ठेवा, कारण तीच सिगार सहा महिन्यांनी मवाळ झालेली असते आणि वर्षाने आणखी वेगळी, आणि त्यातली कुठली जास्त आवडते हे बॉक्स संपायच्या आत कळलेलं बरं.